आयती शिदोरी

६ जानेवारी

चि. टिल्ल्या,

आशीर्वाद. फोन सोडून कागदावर का आले ते आधी सांगते, नाहीतर म्हणशील आत्याला लागलं वेड. संगणक सुरक्षेचा अभ्यास सुरू केल्यापासून मला माझ्या फोनची किळस यायला लागली आहे. कोण काय बघतं, कुठे साठवतं, कुणाला विकतं, हे सर वर्गात सांगत होते आणि मला कधी एकदा अंघोळ करते असं झालं होतं. म्हणून पोस्टाचं पाकीट. ते कुणी फोडलं तर निदान दिसतं तरी.

आता मुद्दा. इस्पितळातली माझी रेकॉर्डची खिडकी मार्चअखेर बंद होतेय. सगळ्या फायली संगणकात गेल्या, मग मी खिडकीत बसून काय माशा मारू? वरून दोनच वाटा दाखवल्यात. एक, नवा सुरक्षा कक्ष. पडद्यासमोर बसायचं, आपल्या यंत्रणेत कोण कुठे शिरतंय ते बघायचं. जागा एकच, आणि त्यासाठी सुरक्षेची ती पहिली परीक्षा ३१ मार्चच्या आत पास हवी. दुसरी वाट तळघरात, धुलाई विभागात. वॉर्डांतून आलेल्या चादरी मोजून घ्यायच्या. मोजून म्हणजे हाताने उचलून, टिल्ल्या. रक्ताच्या, ओकाऱ्यांच्या, आणि ज्याचं नाव मी कागदावर लिहिणार नाही त्याच्या. परवा बघायला गेले तर वासानेच अर्ध्या जिन्यातून परत फिरले. तू शाळेसाठी माझ्याकडे राहायचास तेव्हा तुझा शेंबूड पुसतानाही मी तोंड दुसरीकडे करायची, विसरला नसशील. तेव्हा पास व्हायलाच हवं.

संध्याकाळचा क्लास लावलाय. काय ती खोली! कीबोर्डवर इतका मळ की अक्षरं अंदाजाने दाबायची. माउस हाताला चिकटतो. सर स्कूटरच्या किल्लीने कान कोरतात आणि त्याच किल्लीने फळ्यावर दाखवतात. ‘पासवर्ड कुणाला दिसू देऊ नका’ असं सांगतात, आणि त्यांचा स्वतःचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर डकवलेला. आमचे मोठे डॉक्टर तर त्यांचा पासवर्ड नर्सला लांबून ओरडून सांगतात. अख्ख्या मजल्याला पाठ आहे.

पण खरं सांगू, विषय मला आवडलाय. इंग्रजी शब्द डोक्यात राहत नाहीत, म्हणून मी प्रत्येकाला घरचा अर्थ लावते. ‘किमान अधिकार’ म्हणजे पाहुण्याला पाणी द्यावं, कपाटाच्या किल्ल्या देऊ नयेत. आणि टेलगेटिंग, म्हणजे कुणीतरी कार्ड लावून दार उघडलं की त्याच्या मागोमाग आपण घुसायचं, त्यापुढे मी काय लिहिलंय? ‘टेलगेटिंग म्हणजे धाकटेकाका.’ कुठल्याही लग्नात अनोळखी वऱ्हाडाच्या शेपटाला लागून आत शिरायचे, यथेच्छ हाणायचे, आणि निघताना नवऱ्या मुलाला संसाराचे चार बोल सुनवायचे. आता हा शब्द मी मेले तरी विसरणार नाही.

तू परीक्षा केंद्रातच मदतनीस. रोज उमेदवारांना संगणक लावून देतोस. परीक्षा असते कशी, ते लिही. प्रश्न सांगू नकोस हं, नुसतं कशी असते ते.

तुझी आत्या

१४ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार, आणि कागद सापडेपर्यंत घर उलथंपालथं केलं म्हणून बायकोकडून बोलणी खाल्ली तीही तुझ्या नावावर. धाकटेकाका वाचून आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्यांनी भिंत ठोकली. तुझ्या डोक्यातून काय एकेक निघतं! अगं, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना हे शब्द कळत नाहीत. कोणी त्यांना असं शिकवलं असतं तर! तुझ्या सगळ्या टिपा मला पाठव. सगळ्या. मी जपून ठेवतो, आणि चुकलं असेल तिथे सांगतो.

परीक्षा सोपी असते. चार पर्याय, एक उत्तर. खोलीत कॅमेरा, खिसे रिकामे, घड्याळसुद्धा बाहेर. आमच्या दारावरच्या बाई ओळखपत्र नाकाला लावून बघतात, त्यांना भिऊ नकोस. आणि एवढं रक्त आटवू नकोस. क्लासवाले शेवटी काहीतरी ‘मटेरियल’ देतात, त्यावर भागतं.

नव्या घराचा रंग झाला. उन्हाळ्यात राहायला ये.

तुझा टिल्ल्या

२५ जानेवारी

चि. टिल्ल्या,

आशीर्वाद. सोबत चौदा पानं टिपा आहेत. कूटलेखन आणि हॅशिंग यातला फरक मला तीन दिवस छळत होता, तो स्वयंपाक करताना सुटला. कुलूप आणि किसणी! कुलूप लावलेलं किल्लीने उघडतं, पण किसलेला बटाटा परत बटाटा होत नाही. बरोबर आहे का ते सांग.

आता तुझ्या त्या ‘मटेरियल’विषयी. बुधवारी सरांनी दार लावून घेतलं, पडदे ओढले आणि प्रत्येकाच्या हातात एक जाडजूड बाड दिलं. म्हणाले, ‘ही शिदोरी. प्रवासाला कुणी उपाशी निघतं का?’ मला वाटलं सराव प्रश्न असतील. आत बघते तर खऱ्या परीक्षेतले प्रश्न, जसेच्या तसे, कुणीतरी केंद्रातून चोरलेले. उत्तरांसकट. स्वल्पविरामसुद्धा तेच, असं सर अभिमानाने सांगत होते.

मी विचारलं, ‘सर, ही चोरी नाही का?’ सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, ‘काकू, चोरी म्हणजे ज्याचं जातं ते. इथे कुणाचं काय गेलं?’ आणि कानात किल्ली घातली. त्या सगळ्या हसणाऱ्या तोंडांची मला इतकी शिसारी आली! उद्या हीच माणसं लोकांच्या तिजोऱ्यांवर पहारा करणार. परीक्षेला बसताना शपथेवर लिहून द्यायचं असतं की मी फुटलेले प्रश्न पाहिले नाहीत. म्हणजे नोकरीचा पहिला श्वासच खोटा.

आमच्या लॅबचा टायपिस्ट माझ्याच वर्गात आहे आणि त्याच जागेवर डोळा ठेवून आहे. त्याला म्हटलं, बाबा रे, फायरवॉल म्हणजे काय ते तरी समजून घे. तर म्हणतो, ‘ते सोडा काकू. प्रश्न एकशे चार, उत्तर ब.’

मी बाड टेबलावर ठेवलं आणि निघून आले. टिल्ल्या, हे तुझ्या डोळ्यांसमोर कुठे होत असेल तर वर सांग. तुमच्यासारख्या केंद्रांतूनच हे बाहेर पडतंय. कुंपणच शेत खातंय म्हणायचं.

आत्या

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

किसणी बरोबर आहे. झकास आहे.

बाकी मात्र तू उगाच डोक्यात राख घालून घेतेस. अगं, सगळे घेतात. तू नाही घेतलीस म्हणून ती छापायची थांबणार आहे का? तो टायपिस्ट घेणार, पास होणार, खुर्चीत बसणार, आणि तू ज्ञानाचं गाठोडं घेऊन तळघरात चादरी उचलणार. ज्यांना विषय येत नाही त्यांनी घेतली तर चोरी म्हण एक वेळ. तुला तर सगळं येतं! तू नुसती नजर टाकायचीस, खात्री म्हणून. औषधासारखी समज.

हे केंद्रातूनच फुटतं असं कशावरून? शेकडो लोक परीक्षा देतात, लक्षात ठेवून बाहेर सांगतात. आमच्याकडे कडक आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नकोस, आणि असलं कुठे बोलूही नकोस. माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

रागावू नकोस. मला तुझीच काळजी आहे.

टिल्ल्या

११ फेब्रुवारी

टिल्ल्या,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

काल सरांनी नवी आवृत्ती वाटली. ‘आता आपली शिदोरी सोप्या मराठीत, टिपांसह!’ मी हातही लावणार नव्हते. पण शेजारची मुलगी वाचता वाचता हसायला लागली आणि मला म्हणाली, ‘काकू, हे बघा ना, टेलगेटिंग म्हणजे धाकटेकाका! म्हणजे काय हो?’

जगात हे वाक्य दोनच माणसांना माहीत होतं. तिसरी तुझी बायको.

मी ते बाड तिच्या हातातून ओढूनच घेतलं. माझा बटाटा होता. माझी किसणी होती. पाहुणा, पाणी, कपाटाच्या किल्ल्या. चौदाच्या चौदा पानं, आणि प्रत्येक टिपेखाली चोरलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर. तुझा आळसही कसला! धाकटेकाका कोण हे जगाला कसं कळणार, एवढासुद्धा विचार न करता टायपिंगला टाकलंस. वर्गात आता सगळे तो शब्द वापरतात. सरसुद्धा.

तेव्हा केंद्रातून चोरणारा तू आहेस. मला पत्रात ‘आमच्याकडे कडक आहे’ म्हणून लिहिणारा तू. ‘सगळ्या टिपा पाठव, जपून ठेवतो’ म्हणणारा तू. मी वेडी, पानाच्या कडा सरळ कापून पाठवत होते. मला राग आलाय असं समजू नकोस, रागाला निदान काहीतरी ऊब असते. मला तुझी किळस येतेय. माझ्या ताटात जेवलेल्या पोराची येतेय, म्हणून स्वतःचीही येतेय.

आता बऱ्या बोलाने ऐक. हे सगळं बंद कर, असेल नसेल ते पुसून टाक, सरांकडून बाडं परत मागव, आणि साहेबांपुढे जाऊन स्वतःच्या तोंडाने सांग. नोकरी जाईल. जाऊ दे. तुम्हा दोघांना मी सांभाळीन.

आत्या

१५ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय. चुकलो. वर्षापूर्वी सरांनीच गाठलं, म्हणाले फक्त दहा प्रश्न दे. मग दहाचे वीस झाले. घर घेतलं, मग थांबता येईना. बायकोला यातलं काहीही माहीत नाही, तिला कळलं तर ती निघून जाईल.

टिपांचं म्हणशील तर मला त्या खरंच आवडल्या होत्या. वाटलं, पोरांना निदान थोडं कळेल तरी. पाप धुवायचं म्हणून केलं म्हण.

सगळं बंद केलंय. काल रात्री मशीनवरचं पुसलं, सरांना फोन करून सांगितलं की आपला संबंध संपला. बाडं ते जाळणार आहेत. फक्त साहेबांपुढे जायला सांगू नकोस. एवढी एकच भीक घाल. मी पुन्हा असलं काही करणार नाही, तुझी शपथ.

तू लहानपणापासून माझ्या पाठीशी आहेस. आताही राहा.

तुझाच टिल्ल्या

२० फेब्रुवारी

चि. टिल्ल्या,

अनेक अनेक आशीर्वाद. मागच्या वेळचे राहिलेलेही यातच धर.

तुझं पत्र वाचून रडले, मग पोटभर जेवले. साहेबांपुढे जायचं तुझ्या मनावर सोडते. पण गेलास तर तुझ्या छातीवरचा दगड उतरेल, हे मात्र सांगून ठेवते. माझी परीक्षा १२ मार्चला आहे, तुझ्या केंद्रात नाही, इथेच. क्लासनेच सगळ्यांची नोंदणी एकत्र केली आहे. ज्याच्या मनगटात जोर असेल तो पास होईल.

सूनबाईला आशीर्वाद. उन्हाळ्यात नक्की येते, रंग बघायला.

तुझी आत्या

२२ मार्च

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. महिनाभर पत्र नाही, तू अभ्यासात असशील म्हणून मीही लिहिलं नाही. तुझी परीक्षा कशी झाली? आता मात्र लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

घात झाला. परीक्षा घेणाऱ्या संस्थेची माणसं अचानक आली, केंद्राला टाळं लावलं, सगळी यंत्रं उचलून नेली. मला कामावरून दूर ठेवलंय. कोणीतरी आतल्याने कळवलंय, त्याशिवाय त्यांना इतकं नेमकं ठाऊक असणं शक्य नाही. माझा संशय दारावरच्या त्या बाईंवर आहे. पहिल्यापासून माझ्यावर खार खाऊन होत्या. चौकशीत मी स्पष्ट सांगितलं, की पडद्यांजवळ ये-जा त्यांचीही असते, त्यांच्याकडेही किल्ली असते. आता त्यांनाही घरी बसवलंय. मला थोडा वेळ मिळाला.

आत्या, एक काम कर. चौकशीवाल्यांना माझ्या चारित्र्याबद्दल पत्र लिही. तू मोठ्या इस्पितळात इतकी वर्षं काढलीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. मी शाळेत असल्यापासून तू मला ओळखतेस, एवढंच लिही. मी कधी खोटं बोलत नाही, एवढंच. वेळ नाही, उलट टपाली पाठव.

तुझा टिल्ल्या

२ एप्रिल

टिल्ल्या,

तू मागितलेलं पत्र मी देणार नाही. त्याऐवजी कालच दुसरं एक पाठवलंय, ते तुला आधीच कळलेलं बरं. त्यात लिहिलंय की दारावरच्या बाईंचा याच्याशी काडीचा संबंध नाही, कारण संस्थेला कळवणाऱ्याही त्या नव्हत्या आणि चोरणाऱ्याही त्या नव्हत्या. स्वतःच्या गळ्यातला फास काढून एका निरपराध बाईच्या गळ्यात घालायला तुझा हात धजावला तरी कसा? तुझं पत्र वाचून मी हात धुतले, साबण लावून.

आता ऐक. माझ्या शेवटच्या पत्रानंतर आठवडा झाला असेल. मी वर्गात गेले ती खुशीत. वाटलं, सर तोंड लपवत असतील. सर कुठले तोंड लपवतात! त्यांनी ‘सुधारित आवृत्ती’ वाटली. मी थेट टेलगेटिंगचं पान उघडलं. धाकटेकाका नव्हते. तिथे लिहिलं होतं, ‘टेलगेटिंग म्हणजे लग्नात घुसलेला आगंतुक.’ बाकी सगळं जिथल्या तिथे. बटाटा, किसणी, कुलूप. आणि मागे नवे प्रश्न जोडलेले, त्या महिन्याचे, ताजे.

म्हणजे माझं पत्र वाचून तू केलंस काय, तर एक शब्द खोडलास. ज्या शब्दाने पकडला गेलास तेवढाच. पायांवर डोकं ठेवलंस, माझी शपथ घेतलीस, बायकोची भीती दाखवलीस, आणि त्याच दिवसांत बसून तो शब्द बदललास. चोरी केलीस ते मी कदाचित पोटात घातलं असतं. माणूस घसरतो. पण ते खोडणं! मी वर्गातल्या मोरीवर जाऊन ओकले, टिल्ल्या, खरोखरची ओकले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी इस्पितळातल्या संगणकावरून मी संस्थेला सगळं कळवलं. मराठीतल्या दोन्ही बाडांची पानं जोडली, तुझ्या पत्रांची नव्हे, ती माझ्याकडेच आहेत. मला ठाऊक होतं पुढे काय होणार. आमच्या क्लासमधून नोंदवलेल्या सगळ्यांच्या परीक्षा रद्द झाल्या, माझीही. नवी तारीख १८ एप्रिलची मिळाली आहे. इस्पितळ कुणासाठी थांबत नाही. लॅबचा टायपिस्ट स्वतःच नाव नोंदवून फेब्रुवारीतच परीक्षा देऊन मोकळा झाला होता, त्याचा निकाल तपासात आहे, पण तोवर खुर्चीत तोच. परवा त्याने मला फोन करून विचारलं, ‘काकू, पडद्यावर एकदम लाल लाल आलंय, काय करू?’ मी म्हटलं, एकशे चार बघ. मग राहवेना, जिने चढून गेले आणि काय करायचं ते दाखवलं. त्याला समजलं नाहीच.

काल तळघरातला माझा पहिला दिवस होता. हातमोजे कोपरापर्यंत आहेत आणि तोंडाला दोन पट्ट्या, तरी जेवण गेलं नाही. इथल्या बाया चांगल्या आहेत. म्हणाल्या, आठ दिवसांत नाक मरतं. बघू. १८ तारखेला परीक्षा देणार आहे. आता तिचा काही उपयोग नाही, तरी देणार. आणि शपथेवर सही करताना मला खाली बघावं लागणार नाही.

सूनबाईला तू सांग, मी सांगणार नाही. दोघं आलात तर घर तुमचंच आहे. मी जेवू घालीन, वाट्टेल ते बोलेन, आणि तू ऐकून घेशील.

तू लिहिलंस, कोणीतरी आतल्याने कळवलं. बरोबर ओळखलंस. संस्थेच्या त्या तक्रारीच्या पानावर ‘नाव गुप्त ठेवावे’ असा एक चौकोन होता. मी तो रिकामा सोडला. त्याखाली विचारलं होतं, संबंधित व्यक्तीशी आपलं नातं काय. तिथे ‘आत्या’ असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

आत्या